गोचिडिणीची तीन जेवणं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर तेव्हा म्हशी अजून गोऱ्या होत्या असं काही लोक सांगतात. मी तेवढं सांगणार नाही, कारण मला वाढवून बोलायची सवय नाही. एवढं मात्र खरं, की त्या काळी जनावरांना बोलता यायचं आणि माणसांना ऐकता यायचं. यातली पहिली गोष्ट अजून शिल्लक आहे.

एका राज्याच्या टोकाला, जिथं शेतं संपतात आणि रान सुरू होतं, तिथं एक गवळवाडी होती. पंधरा-वीस घरं, आणि घरांपेक्षा गोठे मोठे. माणसं स्वतः गळक्या छपराखाली झोपत, पण म्हशीच्या अंगावर थेंब पडू देत नसत.

या वाडीत पाडव्याची एक रीत होती. सकाळी म्हशींना घासूनपुसून, शिंगांना गेरू लावून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून देवळापुढं उभं करायचं. तिथं राज्याची राणी यायची. ती म्हशीचं दूध बघायची नाही, शिंगं बघायची नाही. ती डोळे मिटायची आणि म्हशीच्या मानेपासून कासेपर्यंत नुसता तळहात फिरवायची. ज्या म्हशीवर तो हात कुठंच अडखळला नाही, तिच्या धन्याला नदीकाठचं कुरण वर्षभर चारायला मिळायचं. आणि ते कुरण म्हणजे काय! म्हैस आत शिरली की फक्त शिंगं दिसायची, आणि बाहेर आली की चालता चालता वाटेवर दूध सांडत यायची.

आता म्हशीच्या अंगावर राणीचा हात अडखळणार तरी कशाला? तर गोचिडाला.

गोचीड तुम्ही पाहिला असेल. म्हशीच्या कानात, मानेखाली, कासेच्या कडेला हरभऱ्याएवढा करडा गोळा चिकटलेला असतो, तो. खरं तर तो नसतो, ती असते. टरारून फुगते ती बाईच. गडी आपला तिळाएवढाच राहतो. ही गोचिडीण एकदा बसली, की म्हैस चिखलात लोळो, पाऊस धो धो कोसळो, शेपटीचे फटके बसोत, ती सुटत नाही. कारण ती नुसती चावून बसत नाही, चिकटून बसते. तिच्या तोंडातच डिंक असतो.

वाडीतल्या पाळण्यातल्या पोरालाही एक गोष्ट माहीत होती: गोचीड ओढायचा नाही. संध्याकाळी त्याच्यावर करंजाच्या तेलाचं बोट लावायचं आणि वाट बघायची. सकाळपर्यंत त्याचं तो सुटतो. ओढला, तर डिंक हरत नाही, कातडी हरते.

या वाडीत ठकूआत्या नावाची एक गवळण राहायची. नवरा केव्हाच देवाघरी गेलेला, पोरंबाळं नाहीत, गोठ्यात एकच म्हैस. म्हशीचं नाव मोगरी. रंगानं अशी काळी, की तिच्या पाठीवर कावळा बसला तर तो राखाडी दिसायचा. आठच दिवसांपूर्वी मोगरी व्याली होती. लांब कानांची, लटपटत्या पायांची एक पारडी तिच्या पोटाशी धडपडत असायची. आत्याचं सगळं जग त्या गोठ्यात मावत होतं आणि वर थोडी जागाही उरत होती.

शेजारी भिवबा गवळी. त्याच्या दहा म्हशी. गेली तीन वर्षं कुरण त्याच्याकडंच होतं. माणूस वाईट नव्हता, पण जीभ अशी, की ती म्हशीच्या पाठीवर फिरवली असती तर खरारा करायची गरज पडली नसती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो कुंपणावरून डोकावला आणि म्हणाला, "आत्या, उद्या आणताय ना मोगरीला? का घरीच ठेवताय?"

"का रे? घरी का ठेवीन?"

"नाही, म्हटलं, अंगावर एवढे उंचवटे. राणीसाहेब डोळे मिटून हात फिरवतात. त्यांना वाटायचं, म्हैस नाही, फणस आणलाय."

आत्याला ते झोंबलं. तिनं त्या संध्याकाळी करंजाचं तेल घेऊन मोगरीचा केसन् केस धुंडाळला. बावीस गोचिडं सापडली. बाविसांना तेल लावलं. सकाळी बावीसच्या बावीस खाली पडलेली. आत्यानं मोगरीला न्हाऊ घातलं, तेलानं चकचकीत केलं, शिंगं रंगवली. देवळाकडं हलगी कडाडू लागली. आत्यानं डोळे मिटले आणि राणीसारखा मानेपासून कासेपर्यंत हात फिरवला.

कासेच्या अगदी वरच्या कडेला हात अडखळला.

तेविसावी होती. रात्रीत नव्यानं बसलेली. अजून फुगलीसुद्धा नव्हती.

"आत्या, थांब," गोचिडीण म्हणाली. "मी आत्ताच बसलेय. डिंक नुकता आळलाय. तेल लाव, उद्या मी आपणहून सुटते."

"उद्या काय कपाळ! राणी आज आलीय."

"आत्या, ओढू नको," मोगरीही म्हणाली. "कास दुधानं तटतटलीय. कातडी ढोलासारखी ताणलीय."

"तू गप. तुझ्यासाठीच चाललंय सगळं," असं म्हणून आत्यानं दोन नखांत गोचिडिणीला धरलं, आणि देवाचं नाव घेऊन उपटलं.

डिंक हरला नाही.

कास चार बोटं उसवली. ताणलेलं धोतर खिळ्याला अडकून फाटावं, तशी टर्र करून. त्यातून आधी दूध आलं, मग रक्त आलं, मग दोन्ही मिसळून येऊ लागलं. मोगरीनं मान वर करून असा हंबरडा फोडला, की देवळापुढची हलगी थांबली.

आत्याच्या बोटांत गोचिडीण होती, आणि तिच्या तोंडाशी कातडीचा कपटा अजून चिकटलेलाच होता. आत्यानं तिला जमिनीवर फेकलं आणि टाच उचलली.

"मेले, तू माझ्या म्हशीचा जीव घेतलास!"

"आत्या, पाय खाली ठेव," मोगरी धापा टाकत म्हणाली. "पण तिच्यावर नको. ओढलं कुणी?"

आत्याचा पाय हवेतच राहिला. ओढलं कुणी, याचं उत्तर तिच्याकडं होतं, आणि ते फार जवळचं होतं. तिनं पाय बाजूला टेकवला. शेजारी एक करवंटी पडली होती. ती गोचिडिणीवर उपडी घालून म्हणाली, "तुझा न्याय नंतर करते," आणि वैद्याकडं धावली.

वैद्यबुवा मोठे नावाजलेले. त्यांनी एकदा फुटलेला घाट जोडला होता म्हणतात. मी तेव्हा तिथं नव्हतो. ते पोतडी घेऊन आले. बाभळीचा डिंक लावला, तो दुधानं धुऊन निघाला. राळ लावली, मोगरीनं अंग थरथरवताच ती तडकली. लाख वितळवून आणली, पण ती गरम लाख बघून मोगरीनं अशी लाथ झाडली, की पोतडी छपरावर जाऊन बसली. शिवायला सुई घेतली, तर ताणलेल्या कातडीत टाका टिकेना. एक घातला की शेजारी दुसरी फट पडे.

आणि खरी पंचाईत वेगळीच होती. मोगरी बिचारी निश्चल उभी राही, पण पारडी भुकेनं ओरडली की तिला पान्हा फुटे. पान्हा फुटला की कास ताणे, कास ताणली की जखम उघडे आणि पुन्हा रक्ताची धार लागे. आईची मायाच आईचा जीव घ्यायला निघाली होती.

दुपार झाली. वैद्यबुवांनी हात धुतले.

"आत्या, माझ्या पोतडीत लाकडाला धरणारा डिंक आहे, मडक्याला धरणारा आहे. पण ओलं, गरम आणि हलतं, असं जिवंत कातडं धरणारा डिंक माझ्याकडं नाही. ही जखम सूर्य मावळायच्या आत मिटली नाही, तर रक्त राहणार नाही. म्हैस गेली, तर पारडीही दोन दिवसांची सोबती."

एवढ्यात भिवबा आला. गळ्यात राणीनं घातलेला हार होता. कुरण चौथ्यांदा त्याच्याच पदरात पडलं होतं. तो हसत आला आणि गोठ्याच्या दारातच त्याचं हसू विरलं. त्यानं हार काढून खुंटीला टांगला, घरी गेला आणि आपल्या म्हशीचं कोमट दूध तांब्याभर घेऊन आला. पारडीनं तोंड लावलं, थुंकलं, आणि पुन्हा आईकडं तोंड करून ओरडली.

"आत्या," भिवबा मान खाली घालून म्हणाला, "कालचं ते फणसाचं... मी उगीच बोललो."

"तू नुसता बोललास रे," आत्या म्हणाली. "मी केलं." आणि ती मोगरीच्या पायाशी बसून रडू लागली.

तेव्हा करवंटीतून आवाज आला.

"वैद्यबुवा, ओलं, गरम आणि हलतं, असंच म्हणालात ना?"

सगळ्यांनी करवंटीकडं पाहिलं.

"मी आयुष्यभर ओल्या, गरम आणि हलत्या कातड्यावरच बसते. दुसरं काही मला येतही नाही. करवंटी उचला, सांगते."

वैद्यबुवांनी करवंटी उचलली. गोचिडीण तोंड वर करून म्हणाली, "आधी मी एक थेंब सोडते, त्यानं जागा बधिर होते. दुखत नाही. मग पहिला लेप. तो पापणी लवायच्या आत आळतो. त्याच्यावर दुसरा लेप. तो सावकाश मुरतो आणि दगड होतो. मग वादळ आलं तरी हरकत नाही. माझा डिंक किती पक्का आहे, ते आत्याला विचारा."

आत्यानं मान खाली घातली.

"आणि पुढं सुटणार कसा?" वैद्यबुवांनी विचारलं. पोतडी छपरावर असली, तरी शिकायची हौस खालीच होती.

"वेळ आली की मीच सोडवते. डिंक माझा, गाठ माझी. फक्त ओढायचं नाही."

"पण बाई, तू तिळाएवढी. जखम चार बोटं."

"एकटीचं काम नाही. आणखी अठरा जणी लागतील. रानाच्या कडेच्या उंच गवतात आहेत माझ्या मैत्रिणी. पण त्यांना चालत इथवर यायला पुढचा पाडवा उजाडेल. कुणीतरी जाऊन आणायला हवं." ती आत्याकडं वळली. "आणि त्या येतील तर कुणाच्या तरी अंगावर बसूनच येतील. दुसरं वाहन त्यांना ठाऊक नाही."

जिनं आयुष्यभर गोचिडं वेचून टाकली, तिनं आता ती अंगावर चढवून आणायची होती. आत्यानं डोळे पुसले, कासोटा वर खोचला, करवंटीत गोचिडिणीला घेतलं आणि अनवाणी रानाच्या कडेला गेली.

तिथं गवताच्या प्रत्येक पात्याच्या टोकावर एकेक गोचिडीण बसली होती. मागच्या पायांनी पातं धरून, पुढचे पाय पसरून. पाळण्यातलं पोर 'उचलून घ्या' म्हणून हात पसरतं ना, अगदी तशी. कुणी सहा महिने, कुणी वर्षभर. गोचीड कुणाच्या मागं धावत नाही. ती वाट बघते. उपाशी.

आत्या गवतात उभी राहिली आणि म्हणाली, "बायांनो, मी ठकू. सकाळी मी तुमच्यातल्या एकीवर पाय उचलला होता. तोच पाय घेऊन आलेय. चढा."

गवतात खसखस पिकली. मग एक थोरली बोलली, "ठकू? तेलवाली ठकू? माझ्या सात बहिणी तुझ्या करंजाच्या तेलानं गुदमरल्या, बाई."

"गुदमरल्या. नाही म्हणत नाही. माझ्या म्हशीला जपत होते मी."

"मग आज आमच्याकडं काय काम?"

"आजही तिलाच जपतेय," आत्या म्हणाली. "पण आज माझ्या हातून होत नाही."

थोरली काही बोलणार, तोच करवंटीतली गोचिडीण काठावर चढली.

"बायांनो, आपण आयुष्यात किती वेळा जेवतो?"

"हा काय प्रश्न झाला? तीनदा."

"तीनदा. जन्मल्यावर एकदा, वाढताना एकदा, आणि अंडी घालायच्या आधी एकदा. माणसं दिवसातून चार वेळा जेवतात, म्हणून त्यांना कुणी वाढलं ते आठवत नाही. मला माझी दोन्ही जेवणं आठवतात. पहिलं मी एका सशाच्या कानावर केलं. पुढं त्याला कोल्ह्यानं नेलं. त्याचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. दुसरं केलं या ठकूच्या मोगरी म्हशीच्या मानेवर. तेव्हा ती अजून न व्यालेली वगार होती. मान निंबाच्या खोडाला घासली असती, तर माझं पीठ झालं असतं. तिला खाज सुटली, पण तिनं मानेची दुसरी बाजू घासली. आणि आज सकाळी, कास फाटलेली असताना, तिनं माझ्यावरचा पाय बाजूला करवला. दोघांपैकी एकीचे आभार मानायला मिळताहेत. मी तर जाणार."

गवताची पाती आत्याकडं कलली.

"आणि एक सांगून ठेवते," ती पुढं म्हणाली. "नुसता डिंक लावायचा. प्यायचं नाही. तिच्या अंगात आता तिला पुरेल एवढंच उरलंय."

"काय?" एक धाकटी किंचाळली. "तोंड रक्तात आणि घोट घ्यायचा नाही? अगं, मी गेल्या पावसाळ्यापासून या पात्यावर हात पसरून उभी आहे!"

"मीही," थोरली म्हणाली. तिनं थोडा विचार केला. "पण माझंही दुसरं जेवण एका म्हशीच्याच कानामागं झालं होतं. तिचं नावही विचारायचं राहून गेलं. चल गं. नाव माहीत असलेली भेटली, हे काय कमी आहे?"

आणि ती आत्याच्या पायावर चढली.

आत्या परत आली तेव्हा तिच्या लुगड्याच्या काठावर अठरा गोचिडिणी बसल्या होत्या. मोत्यांच्या काठाचं लुगडं नेसून कुठली राणी कधी इतकी जपून चालली नसेल.

मग काम सुरू झालं. आत्यानं दोन बोटांनी जखमेच्या दोन्ही कडा जुळवून धरल्या. भिवबानं पारडीला लांब नेलं, म्हणजे पान्हा फुटायला नको. वैद्यबुवा नुसते बघत राहिले, आणि तेही मोठंच काम असतं. गोचिडिणी एका मागून एक जखमेवर चढल्या आणि ओळीनं बसल्या. मोडलेल्या पत्रावळीला चोया टोचाव्यात तशा, जवळजवळ. प्रत्येकीनं आधी बधिर करणारा थेंब सोडला. मोगरीची थरथर थांबली. मग प्रत्येकीनं पहिला लेप लावला, तो जागच्या जागी आळला. मग दुसरा.

उन्हं कलली. आत्याची बोटं बधिर झाली, पण तिनं ती हलवली नाहीत.

मध्येच शेवटून तिसरी, ती धाकटी, बारीक आवाजात म्हणाली, "थोरले, माझ्याकडून चुकून जरासं गिळलं गेलं."

"किती?"

"मोहरीएवढं."

"मग मोहरीएवढा डिंक जास्त लाव. आणि पुन्हा तोंड उघडू नकोस."

"तोंड बंद ठेवून डिंक कसा लावू?"

"हसवू नको गं. टाका हलतो माझा," मोगरी म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच दुखण्याशिवाय दुसरं काही बोलली होती.

सूर्य डोंगराला टेकला, तेव्हा गोचिडीण म्हणाली, "आत्या, बोटं काढ."

आत्यानं बोटं काढली. एकोणीस टाके, एका ओळीत. रक्ताचा थेंब नाही.

"आता पारडीला आण."

भिवबाचा धीर होईना. "आत्या, पान्हा फुटला आणि उसवलं तर?"

"आण रे," मोगरीच म्हणाली. "ती उपाशी आहे."

पारडी धावत आली. ओरडली. मोगरीला पान्हा फुटला. कास फुगली, ताणली, ढोलासारखी झाली. एकोणीस जणींनी डोळे मिटले. आणि डिंक हरला नाही.

सकाळी ज्या डिंकानं कातडी फाडली होती, संध्याकाळी त्याच डिंकानं ती धरून ठेवली. पारडीनं पलीकडच्या आचळाला तोंड लावलं आणि ढुसण्या देत देत इतकं दूध प्याली, की शेवटी तिथंच पाय पसरून बसली. ठकूआत्यानं जमिनीला कपाळ टेकलं. देवळाकडं तोंड करून नव्हे. कासेकडं तोंड करून.

सात दिवस त्या एकोणीस जणी तशाच बसून राहिल्या. ज्या रक्तासाठी वर्षभर पात्यावर उभ्या होत्या, ते ओठाशी होतं आणि त्या पीत नव्हत्या. दिवसेंदिवस वाळत चालल्या. तिसऱ्या दिवशी पोचट तिळासारख्या दिसत होत्या, सातव्या दिवशी तिळाच्या टरफलासारख्या. आत्या रोज येऊन त्यांच्यावर सावली धरायची. करंजाच्या तेलाचं बुधलं तिनं माळ्यावर टाकून दिलं होतं.

आठव्या दिवशी वैद्यबुवांनी कासेवरून बोट फिरवलं. जखम भरली होती. भाताच्या लोंबीसारखी एक बारीक रेघ तेवढी राहिली होती.

"आता सुटा, बायांनो," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते गोचिडाला बायांनो म्हणाले.

गोचिडिणींनी आपापला डिंक आपणच विरघळवला आणि एकेक करून टपटप खाली पडल्या. खाली आत्यानं पळसाचं पान धरलं होतं. कुणाच्या पडण्यानं मोगरीला काही दुखलं नाही. सोडायचं ठरवून सोडलं की दुखत नाही. ओढून काढलं की दुखतं.

पानावर एकोणीस टरफलं पडून होती. थोरलीला पाय हलवता येत नव्हते.

"आता?" आत्यानं विचारलं.

"आता काय, गवतात नेऊन ठेव," गोचिडीण म्हणाली. "पातं चढायचं बळ राहिलं असेल तर चढू."

मोगरीनं मान वळवली. "कुठं चालल्या? आठ दिवस आराम झाला, हिरवा चारा झाला, अंगात रक्त भरलंय माझ्या. इकडं कानामागं जागा आहे. माझी शेपटी तिथवर पोचत नाही. पोचली असती, तरी पोचली नसती."

आत्यानं एकेकीला उचलून मोगरीच्या कानामागं ठेवलं. स्वतःच्या हातानं. आणि त्या जेवल्या. तिसरं आणि शेवटचं जेवण. धाकटी जेवायला बसण्याआधी मोठ्यानं म्हणाली, "मोगरे, तुझं नाव मला माहीत आहे बरं का!" आणि मगच तिनं तोंड लावलं.

भिवबा हे सगळं कुंपणाशी उभा राहून बघत होता. तो आत आला, खुंटीवरचा सुकलेला हार काढला आणि आत्याच्या पायाशी ठेवला.

"आत्या, यंदा कुरण तुमचं. तीन वर्षं माझ्या दहा म्हशी तिथं चरल्या, फुगून ढेकरा देताहेत. गवत उरून वाळून जातं, तरी मी दुसऱ्याला आत येऊ दिलं नाही."

आत्या हसून म्हणाली, "म्हणजे तू तर गोचिडासारखा चिकटला होतास की रे!"

मोगरीच्या कानामागून लगेच आवाज आला, "आत्या, आमचं नाव बदनाम करू नकोस. पोट भरलं की आम्ही सुटतो. याचं पोट भरून तीन वर्षं झाली होती!"

भिवबाही हसला, वैद्यबुवाही हसले, आणि मोगरीला तर इतकं हसू आलं, की पारडीच्या तोंडातला आचळ सुटला.

पाच-सहा दिवसांनी त्या गोचिडिणी हरभऱ्याएवढ्या टरारल्या आणि कुणी न सांगता, कुणी न ओढता सुटल्या. जाताना प्रत्येकीनं मोगरीच्या खुराला स्पर्श केला. मग दगडाखाली जाऊन प्रत्येकीनं तीन-तीन हजार अंडी घातली. तेव्हा आज गोचिडं संपत का नाहीत, हे मला विचारू नका. मोगरीला विचारा.

पुढच्या पाडव्याला राणी आली. तिनं डोळे मिटून मोगरीवर हात फिरवला. कासेवरच्या रेघेशी हात अडखळला.

"हे काय गं, ठकू?"

"राणीसाहेब," आत्या म्हणाली, "ही माझी चूक, आणि हे एकोणीस जणींचे उपकार. दोन्ही एकाच जागी आहेत. पुसून काढता येत नाहीत."

राणीनं सगळी गोष्ट ऐकली. मग तिनं आपला तळहात पुन्हा त्या रेघेवर ठेवला, आणि बराच वेळ तसाच राहू दिला. त्या वर्षापासून कुरणाला कुंपण राहिलं नाही. ज्याची म्हैस उपाशी त्यानं आत यायचं, आणि पोट भरलं की बाहेर निघायचं.

त्या वाडीत आजही गोचिडाला तेल लावतात. म्हशीला जपायला नको का? पण ओढत कुणी नाही. आणि पाडव्याच्या दिवशी सगळी म्हैस तेलानं चकचकीत करून झाली, की कानामागची दोन बोटं जागा तेवढी कोरडी ठेवतात. पाहुणा विचारतो, तिथं तेल का नाही लावलं? तेव्हा गवळणी म्हणतात, "ते पान वाढलेलं आहे."

तात्पर्य: चिकटावं गरजेपुरतं, पोट भरलं की आपणहून सुटावं, आणि ज्यानं भरवलं त्याचं नाव घेऊन सुटावं.